बिऱ्हाडामागची मोटार

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला ठावठिकाणा नाही अशा माणसाविषयी आपण ती वापरतो, आणि म्हणताना आपल्या स्वरात थोडी कीव असते. अमेरिकेत मात्र असे पाठीवरचे बिऱ्हाड पुष्कळ लोक हौसेने विकत घेतात. नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी त्यात अग्रभागी असतात. निजण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी असे सगळे एका मोठ्या मोटारीत बसविलेले असते. तिकडे तिला मोटरहोम म्हणतात. आपण मोटारघर म्हणू.

या घराची एक मोठी अडचण पहिल्याच मुक्कामी ध्यानात येते. वनराईतल्या तळावर गाडी उभी केली, पाण्याची नळी आणि विजेची तार जोडली, चहाचे आधण ठेवले, आणि लक्षात आले की दूध संपले. आता दूध आणावयाचे तर घरच घेऊन निघाले पाहिजे. आवराआवर करून, तारा सोडवून, बसएवढे ते धूड गावातल्या अरुंद गल्लीत न्यावयाचे आणि ते उभे करण्यास जागा शोधावयाची, हा उपद्व्याप कोण करील? म्हणून पुष्कळ लोक मोटारघराच्या मागे आपली नेहमीची लहान मोटार बांधून नेतात. गलबतामागे बांधलेल्या होडीवरून तिला कोणी 'डिंगी' म्हणतात. कोणी उच्चारसाम्यामुळे गमतीने 'टोड', म्हणजे बेडूक, म्हणतात. हा बेडूक मागे कसा बांधावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न दिसतो दोरखंडाचा, पण वस्तुतः आहे तो जबाबदारीचा.

बांधण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिली रीत, चारही चाके जमिनीवर ठेवून मोटार ओढणे. मोटारीच्या पुढच्या सांगाड्याला पोलादी पट्टी पक्की बसवितात, तिला ओढदांडा अडकवितात, आणि दांड्याचे दुसरे टोक मोटारघराच्या मागील जोडात बसते. दांडा निसटलाच तर आधार असावा म्हणून साखळ्या असतात, आणि मागचे दिवे पुढच्या दिव्यांबरोबर लागावेत म्हणून विजेची तार असते. एकदा पट्टी बसविली की जोडणे-सोडणे काही मिनिटांचे काम. मुक्कामी पोचल्यावर निराळे धूड सांभाळावे लागत नाही. म्हणून नित्य फिरणाऱ्यांना ही रीत सर्वांत प्रिय आहे.

परंतु प्रत्येक मोटार अशी ओढता येत नाही, आणि फसगत होते ती इथेच. कित्येक स्वयंचलित गिअरांच्या गाड्यांत गिअरपेटीला तेल पोचविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली तर चाके फिरतात, चाकांबरोबर पेटीतील काही भागही फिरतात, पण त्यांना तेल मिळत नाही. घाणा तेलाविना फिरत राहिला तर काय होईल, तेच येथे होते. पेटी जळून जाते, आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च सगळ्या ओढणीच्या सामानापेक्षा अधिक येऊ शकतो. जीप रँग्लरसारख्या काही गाड्यांत चाकांचा आणि गिअरपेटीचा संबंध पूर्ण तोडण्याची सोय असते. म्हणून मोटारघरांच्या मागे त्या इतक्या दिसतात. हाताने गिअर बदलावयाच्या अनेक गाड्याही चालतात. पण 'अनेक' म्हणजे 'सर्व' नव्हेत. एकाच नावाच्या गाडीचा एका वर्षीचा नमुना ओढता येतो आणि पुढच्या वर्षीचा येत नाही, असेही घडते. यावर शेजाऱ्याचा सल्ला प्रमाण मानू नये, विक्रेत्याचाही मानू नये. त्या वर्षीच्या गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी. तीत जे लिहिले असेल तेच प्रमाण.

दुसरी रीत डॉलीची. डॉली म्हणजे दोन चाकांचा लहानसा गाडा. मोटारीची पुढची चाके त्यावर चढवून पट्ट्यांनी आवळतात. मागची चाके रस्त्यावर धावतात. ज्या मोटारींना इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांतून मिळते, त्यांना ही रीत सोयीची, कारण फिरणारी चाके गिअरपेटीपासून अलग असतात. मागच्या किंवा चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांना ती सहसा चालत नाही. शिवाय पट्ट्या थोडे अंतर गेल्यावर उतरून पुन्हा आवळाव्या लागतात. पावसात, चिखलात ओणवे होऊन हे काम करणे निवृत्तीच्या वयात सुखाचे नसते. मुक्कामी रिकामी डॉली ठेवावयाची कोठे, हा प्रश्न वेगळाच.

तिसरी रीत ट्रेलरची. मोटार सबंधच्या सबंध गाड्यावर चढवावयाची. तिची चाके झिजत नाहीत, गिअरपेटीचे भय नाही, कोणतीही मोटार चालते. आणखी एक लाभ असा की ट्रेलर मागे रेटता येतो. पहिल्या दोन रीतींत गाडी उलटी घेण्याचा प्रयत्न केला तर मागच्या मोटारीची किंवा डॉलीची चाके भलतीकडे वळून अडकतात. चुकीच्या गल्लीत शिरलात तर उतरून सोडवण करण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र ट्रेलरचे वजन फार, लांबीही फार.

वजनाचा हिशेब हा या निवडीचा कणा आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, मोटारघर आणि त्यामागचे ओझे मिळून २६,००० पौंडांपर्यंत न्यावे, असे कारखान्याने ठरविले आहे. सामानसुमान आणि माणसे यांसह मोटारघर काट्यावर २१,८०० पौंड भरले. मागे उरले ४,२०० पौंड. मागच्या जोडावर मात्र ५,००० पौंडांचा आकडा कोरलेला आहे, आणि पुष्कळ लोक तेवढाच वाचतात. खरा नियम असा की सर्व मर्यादांपैकी जी सर्वांत लहान, ती पाळावयाची. मोटार ३,४०० पौंडांची असेल तर चार चाकांवर ओढता येईल आणि ८०० पौंड हाती राहतील. ६०० पौंडांची डॉली घेतली तर २०० उरतील. २,००० पौंडांचा ट्रेलर घेतला तर मर्यादा केव्हाच ओलांडली. आता मोटारघराची रिकामी टाकी भरली असे धरा. ऐंशी अमेरिकन गॅलन पाण्याचे वजन सुमारे ६६० पौंड होते. म्हणजे डॉलीची निवड केवळ टाकी भरल्याने सदोष ठरली! म्हणून घरातला अंदाज कामाचा नाही. प्रवासाला निघताना जसे भरलेले असेल तसेच मोटारघर काट्यावर चढविले पाहिजे.

पण समजा, वजन मर्यादेत बसले. शक्तिमान इंजिन मागची मोटार सहज ओढते; मालकाला ती मागे आहे याचा विसरही पडतो. म्हणूनच धोका. ओढणे हे इंजिनाचे काम आहे, थांबविणे हे ब्रेकचे. मोटारघराचे ब्रेक मुख्यतः मोटारघरासाठी केलेले असतात. वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या पश्चिमेस ११,००० फुटांहून अधिक उंचीवर १९७३ साली सुरू झालेला आयझेनहॉवर बोगदा आहे. तेथून उतरताना ताबा सुटलेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडीने भरलेल्या चढत्या वाटा ठेवल्या आहेत. आपल्या कर्जत–लोणावळा घाटात आगगाडीसाठी अशाच चढावाच्या आडवाटा रुळांच्या कडेला आहेत. उतार कोठलाही असो, तो माणसाची परीक्षा एकाच पद्धतीने घेतो.

रेल्वेने या परीक्षेचे उत्तर फार पूर्वी शोधले. एकट्या इंजिनाने साऱ्या डब्यांना आवरावयाचे नाही, प्रत्येक डब्याने स्वतःचे ब्रेक स्वतः लावावयाचे. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८७२ च्या सुमारास वायुब्रेक असा सुधारला की जोड तुटून नळी फुटली तर ब्रेक आपोआप लागत. मोटारघरामागच्या मोटारीलाही हेच तत्त्व लागू आहे. तिच्या ब्रेकचे पायपट्टे दाबणारे पूरक साधन हवे. आणि जोड तुटलाच तर दोरी खेचली जाऊन ब्रेक लावणारी कळ हवी. काही राज्यांत ठराविक वजनापुढे मागच्या वाहनाला ब्रेक असणे कायद्याने सक्तीचे आहे. मर्यादा राज्याराज्यांत निराळी. पण कायद्याची मर्यादा ही शहाणपणाची मर्यादा समजू नये. उतारावर मागून येणारा वा पुढे चालणारा प्रवासी तुमच्या राज्याचा कायदा विचारीत नाही.

मग निवड कोणती करावी? नित्य फिरावयाचे, आणि मोटार पुस्तिकेप्रमाणे योग्य असेल, तर चार चाकांची रीत. आहे तीच मोटार ठेवावयाची, तिला शक्ती पुढच्या चाकांतून मिळते, आणि फिरणे क्वचित, तर डॉली. मोटार न ओढण्याजोगी आणि मोटारघर पुरेसे दणकट, तर ट्रेलर. आणि वजनाचा हिशेब कोठेच बसत नसेल तर चौथी वाट आहे, जी कोणी विकत नाही म्हणून फारशी सांगितली जात नाही: मागे काहीच बांधू नये. मुक्कामी दिवसापुरती मोटार भाड्याने घ्यावी, किंवा दोघांपैकी एकाने लहान गाडी स्वतंत्र चालवीत मागून यावे.

पाठीवरचे बिऱ्हाड विंचवाला निसर्गाने त्याच्या ताकदीच्या मापाने दिलेले असते. माणूस मात्र आपले ओझे स्वतः निवडतो. निवडताना ते किती ओढवेल एवढेच न पाहता, किती थांबविता येईल हे आधी पाहिले, तर घाटाखालच्या गावाला त्याच्या हौसेची किंमत मोजावी लागणार नाही.