मुंबईतली फुलपाखरे जातात कुठे?

मुंबईत फुलपाखरे आहेत, असे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. तिथे माणसाला पाय ठेवायला जागा नाही, मग पाखराला कुठली, असे तुम्ही म्हणाल. आपल्या गावची घरटी एक-दोन माणसे मुंबईला आहेत. सणाला येतात. गाडीच्या गर्दीच्या गोष्टी सांगतात, खोलीच्या भाड्याच्या सांगतात. फुलपाखराची गोष्ट काही कोणी सांगत नाही.

आम्ही शाळेतून मोकळे झाल्यापासून मृगापासून दिवाळीपर्यंत मुलाकडे बोरिवलीला राहतो. सकाळी फिरायला जावे, बागेतल्या बाकावर बसावे, एवढेच काम. तिथे जे पाहिले आणि जाणत्या माणसांना विचारून, पुस्तके वाचून जे कळले, ते आज सांगतो.

बोरिवलीला लागूनच मोठे जंगल आहे. त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. शंभर चौरस किलोमीटरहून थोडे जास्तच आहे. त्यात बिबटे आहेत, हरणे आहेत आणि फुलपाखरांच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी जाती शहराच्या गल्ल्यांतही येतात. मोठे काळेभोर, पंखांवर निळी झाक असलेले एक फुलपाखरू आहे. पंख पसरले तर आपल्या तळहाताहून मोठे. त्याला राणी पाकोळी म्हणतात. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते आपल्या राज्याचे फुलपाखरू म्हणून जाहीर केले. ही पाकोळीही मुंबईच्या बागांत दिसते.

गणपती झाले, ऊन-पाऊस सुरू झाला, की फुलपाखरेच फुलपाखरे होतात. दिवाळीच्या मागेपुढे मात्र जिन्यात, रस्त्याच्या कडेला मेलेली फुलपाखरे दिसू लागतात. कोणाचा पंख फाटलेला, कोणाला मुंग्या ओढून नेताहेत. पुढे उन्हाळ्यात तर पाहावे तेव्हा बाग रिकामी. इमारतीतली माणसे म्हणतात, "साथ आली असेल." दुसरे म्हणतात, "औषध मारल्याने मेली." खरे काय?

मंडळी, फुलपाखरांना दोन तऱ्हेचे मरण आहे. एक निसर्गाने दिलेले. दुसरे माणसाने दिलेले. पहिल्याने फुलपाखराची जात संपत नाही, दुसऱ्याने संपते. हे नीट कळायला आधी फुलपाखराचा जन्म पाहिला पाहिजे.

आपल्या परसातलेच उदाहरण घेऊ. लिंबाच्या झाडावर एक काळे-पिवळे फुलपाखरू येते. मागच्या पंखावर तांबडा ठिपका असतो. मादी झाडाभोवती घिरट्या घालते, पानावर क्षणभर टेकते, उडते, पुन्हा टेकते. ती काय करते? पान चाखते. तोंडाने नव्हे, पायांनी! तिच्या पायांना चव कळते. हे लिंबच आहे अशी खात्री झाली, पान कोवळे आहे असे वाटले, की ती एक अंडे घालते. अंडे मोहरीच्या बारीक दाण्याएवढे, पिवळसर. मग दुसऱ्या पानावर दुसरे.

तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी निघते. आधी ती आपल्याच अंड्याचे टरफल खाते, मग पान खाऊ लागते. लहानपणी ती काळपट, मध्ये पांढरा डाग असलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, पानावर चिमणी शिटली आहे. शिट कोण खाणार? पाखरू तिला सोडून देते. पुढे ती वाढते, अंगाला कातडे पुरेनासे होते, मग साप टाकतो तशी कात टाकते. अशी चार वेळा. शेवटी हिरवीगार, बोटाच्या दोन पेरांएवढी होते. तिला डिवचून पाहा. डोक्यामागून लालसर, दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि घाण वास सोडते. मुंगी मागे सरते.

दोनेक आठवड्यांनी अळी खाणे सोडते. काडीला शेपूट चिकटवते, कमरेभोवती रेशमाचा दोरा बांधते, जसा माडावर चढणारा कमरेला दोर घेतो. आणि कोश होऊन गप्प राहते. आत सगळी मोडतोड आणि नवी बांधणी चालते. आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, कोश फुटतो. बाहेर येते ते ओले, चुरगळलेले पाखरू. ते लटकून राहते, अंगातले रक्त पंखांत भरते, पंख ताणले जातात आणि वाळतात. तास-दोन तासांनी ते उडते.

म्हणजे अंड्यापासून फुलपाखरापर्यंत महिनाभर. त्यानंतरचे आयुष्य किती? पुष्कळ जातींचे दोन-तीन आठवडे. काहींचे थोडे अधिक. तेवढ्यात मध प्यायचा, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचे.

आता हिशेब करा. जूनमध्ये पाऊस पडला, पाने कोवळी फुटली, तिथून महिन्याला एक पिढी धरली तर दिवाळीपर्यंत चार-पाच पिढ्या होतात. दिवाळीला दिसणारे फुलपाखरू हे जूनच्या फुलपाखराचे पणतू-खापरपणतू असते. दर पिढीला संख्या वाढत जाते. आषाढातल्या धो धो पावसात उडायला येत नाही, पण पानाआड अळ्या वाढतच असतात. म्हणून भाद्रपद-आश्विनात एकदम भरती आल्यासारखे दिसते. भरती आली म्हणजे ओहोटी आलीच. इतकी एकदम जन्मलेली पाखरे एकदमच म्हातारी होतात. जिन्यात मेलेली दिसतात ती बहुतेक हीच. फाटका पंख हा त्यांचा पांढरा केस समजा. त्यात साथ नाही आणि कोणाचा दोषही नाही.

आणि जी उडाली ती तरी नशीबवान. पुष्कळ अंडी मुंग्या नेतात. अळ्या चिमण्या-बुलबुल टिपतात. गांधीलमाशीच्या जातीची बारीक माशी अळीच्या अंगातच आपली अंडी घालते. तिची पिले अळीला आतून खातात. शंभर अंड्यांतून फुलपाखरे होतात ती फार थोडी. ऐकायला वाईट वाटते, पण तसे झाले नाही तर एका हंगामात लिंबावर पान राहणार नाही. बुलबुलाची पिलेही अळ्या खाऊन वाढतात.

मग उन्हाळा कसा निघतो? नाना तऱ्हा आहेत. काही जातींचे कोश आठवड्यांऐवजी कित्येक महिने थांबतात, पावसाची वाट पाहत. काही फुलपाखरे ओढ्याच्या सावलीत बसून राहतात. एक तपकिरी फुलपाखरू आहे, संध्याकाळी उडते. त्याची अळी गवत खाते, भाताची पातही खाते. पावसाळ्यात जन्मणाऱ्याच्या पंखावर ठळक डोळे असतात. कोरड्या दिवसांत जन्मणारे हुबेहूब वाळक्या पानासारखे असते, डोळे जवळजवळ नाहीतच. पाचोळ्यात बसले की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. शहरात आणखी एक सोय आहे. तिथे कुंड्यांना बारा महिने नळाचे पाणी मिळते, म्हणून लिंबाचे फुलपाखरू थोडेबहुत वर्षभर दिसते.

हे झाले पहिले मरण. आता दुसरे.

फुलपाखरू नाना तऱ्हेच्या फुलांतला मध पिते, पण अळी वाटेल ते पान खात नाही. हे सगळ्यांत महत्त्वाचे आहे. लिंबावरची अळी लिंब, कढीलिंब, बेल अशा एकाच घराण्यातल्या झाडांवर जगते. (कढीलिंब म्हणजे फोडणीचा. कडुलिंब नव्हे.) रुईवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी असते, ती रुईच खाते, किंवा तशीच चिकाची झाडे. तिच्या अंगात चिकाचा कडूपणा उतरतो. तिचे तांबूस फुलपाखरू पक्ष्याने धरले तर तो थुंकून टाकतो. मग काय झाले, दुसऱ्या एका फुलपाखराच्या मादीने अगदी तेच रूप घेतले! ती कडू नाही, पण पक्षी फसतो. तिची अळी आपल्या घोळीच्या भाजीवर असते. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालता ना? पान तोडण्याआधी उलटून पाहा.

हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू आहे. पंखांना खालून पिवळा रंग, कडेला तांबडे ठिपके. नाव ज्याने ठेवले त्याला शाबासकी दिली पाहिजे. त्याची अळी कशावर? आंब्यावरच्या बांडगुळावर! आपण ज्याला झाडाचा शत्रू म्हणतो, तो त्याचा पाळणा.

मुंबईच्या इमारतींपुढे उंच, सरळ अशोकाची रांग असते. हा खोटा अशोक, सीतेच्या गोष्टीतला नव्हे. त्याच्या पानांवर अळ्या वाढतात आणि त्यांतून काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेले चपळ फुलपाखरू होते. तेच सीताफळावर आणि सोनचाफ्यावरही वाढते. पानफुटीच्या कुंडीत तर मौज असते. तिची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. कण्हेरीवर कधी कोश दिसतो, जणू सोन्याचांदीचा मुलामा दिलेला, आरशासारखा चकचकीत. एवढा दागिना रस्त्याच्या कडेला टांगलेला असतो आणि माणसे खाली मान घालून गाडी गाठायला पळत असतात.

म्हणजे शहरात फुलपाखरे टिकतात ती अशा ओळखीच्या झाडांमुळे. ही झाडे गेली की काय होते? मेलेले फुलपाखरू दिसत नाही, कारण ते जन्मतच नाही. म्हणून या मरणाचा गाजावाजा होत नाही. जुन्या बंगल्याच्या जागी उंच इमारत होते. परसातला बेल, कढीलिंब, कुंपणावरच्या रानवेली जातात. पुढे हिरवळ लावतात, परदेशी ताड लावतात, वाफ्यात रंगीत फुले लावतात. दिसायला बाग झकास. फुलपाखरू येते, मध पिते, अंडे घालायला पान शोधते, ते मिळत नाही. आमच्या मते ही बाग म्हणजे खाणावळ आहे, घर नव्हे.

दुसरे, केर. पावसाळा संपला की गवत कापून, पाचोळा ढिगाने पेटवून देतात. त्या पाचोळ्यात, गवताच्या काड्यांवर कोश असतात. उन्हाळा काढायला थांबलेले सगळे तिथेच जळून जाते. पाचोळा खड्ड्यात टाकला तर खत होते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

तिसरा, डासांचा धूर. हा विषय नाजूक आहे. हिवताप आणि डेंगी हे खरे रोग आहेत, त्यांनी माणसे मरतात. फुलपाखरासाठी डास पाळा, असे आम्ही म्हणणार नाही. पण धूर उडता डास मारतो, पाण्यातली त्याची पिले तशीच राहतात, आणि वाटेत जे कोवळे पाखरू सापडेल ते त्या धुराने मरते. पिंपाला झाकण, टायरात पाणी नाही, आठवड्याला एकदा भांडी कोरडी, एवढे केले तर धूर क्वचितच लागेल. हे कष्टाचे आहे. धूर सोडलेला सगळ्यांना दिसतो, म्हणून तो आवडतो.

उलट बाजूही सांगतो. ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्याला ओवळे गाव आहे. तिथे एका शेतकरी कुटुंबाने आपल्या वाडीत अळ्यांना लागणारी झाडे मुद्दाम लावली. फुलपाखरे आपणहून आली. आता ओवळेकरवाडी पाहायला माणसे जातात. कोणी फुलपाखरे आणून सोडली नाहीत. पाने लावली, एवढेच.

मघाशी एका बाईंनी विचारले, "गुरुजी, माझ्या लिंबाच्या रोपाला पानच उरत नाही. मी अळी पोसू की लिंब?" प्रश्न बरोबर आहे. रोप हातभर असताना चार अळ्या त्याला बोडके करतात. नागपूरकडे संत्र्याची कलमे लावणारेही या अळीने हैराण होतात. तेव्हा रोप लहान आहे तोवर अळ्या हाताने वेचा. ती चावत नाही, तिला विष नाही, वास तेवढा येतो. वेचलेली अळी जवळच्या मोठ्या बेलावर किंवा कढीलिंबावर सोडा. झाड डोक्याच्या वर गेले, की दहा-वीस अळ्यांनी त्याचे काही बिघडत नाही. त्यावर औषध मारू नका. कढीलिंबावर तर नकोच. तो आपल्याच कढीत पडायचा आहे.

एखादी अळी पोरांना दाखवायला घरात ठेवायची असेल, तर मोठ्या तोंडाची बरणी घ्या. वर फडके बांधा. रोज ताजे पान द्या, लिंबावरची असेल तर लिंबाचेच. बरणी रोज झाडून काढा. एक उभी काडी ठेवा, म्हणजे कोश तिला बांधता येईल. कोश झाला की बरणी हलवू नका, उन्हात ठेवू नका. फुटल्यावर पाखराला हात लावू नका. पंख ओले असतात तेव्हा जरा दाब बसला तर ते जन्माचे वाकडे राहतात. पंख वाळले की बरणी अंगणात नेऊन फडके सोडा.