चित्रकथांचें दुकान आणि गिऱ्हाइकांच्या सूचना



दुकानांत आपल्याला जें खटकतें, तें आपण शेजाऱ्याला सांगतों, घरीं सांगतों, बसस्थानकावरील चहाच्या टपरीवर सांगतों. फक्त दुकानदाराला सांगत नाहीं. पुढच्या खेपेस मुकाट्यानें दुसरीकडे जातों. दुकानदाराला एवढेंच दिसतें कीं, अमुक गृहस्थ हल्लीं येईनासे झाले. कां येईनासे झाले, हें त्याला शेवटपर्यंत कळत नाहीं. किराणा मालाच्या दुकानाचें यामुळें फारसें बिघडत नाहीं, कारण मीठ-तेल कोणालाच चुकलेलें नाहीं. परंतु ज्या दुकानावांचून कोणाचें अडत नाहीं, त्या दुकानाला हें मौन जीवघेणें ठरतें. मुलांच्या चित्रकथांचें दुकान हें अशांपैकींच एक होय. त्या दुकानाला गिऱ्हाइकांनीं कोणत्या सूचना कराव्या व कशा कराव्या, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

उदाहरणादाखल यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यांतील बोरी अरब हें गांव डोळ्यांसमोर आणूं. अशा गांवांत निव्वळ चित्रकथांवर कोणाचें पोट भरणें शक्य नाहीं. तेथें चित्रकथांचें दुकान म्हणजे वह्या, लेखण्या, शाळेचीं पुस्तकें, राख्या आणि वर्तमानपत्रें विकणाऱ्या दुकानाचा एक कोपरा: दोरीला टांगलेले चार अंक आणि खालीं एक धुळकट गठ्ठा. अशा दुकानाचा एखादा उत्साही चालक हल्लीं संकेतस्थळहि उघडतो. कारण गांवांत राहिलेलीं गिऱ्हाइकें थोडीं, आणि गांव सोडून नागपूर-पुण्यास गेलेलीं पुष्कळ. माझें बोलणें ऐकणाऱ्यांपैकीं अनेकांचें मूळ घर अशाच एखाद्या गांवीं असेल. उन्हाळ्याच्या सुट्टींत तुमचीं मुलें तेथें जातात, दुपारीं कंटाळतात आणि आजोबांचें बोट धरून त्या कोपऱ्यापाशीं येऊन उभीं राहतात. म्हणून हा प्रश्न केवळ त्या दुकानदाराचा नाहीं. तो तुमचाहि आहे.

चित्रकथा आपल्या घरांना नवी नाहीं. 'चांदोबा' १९५२ पासून मराठींत येऊं लागला. १९६४ सालीं 'इंद्रजाल कॉमिक्स' निघालें आणि पुढें त्यांतला वेताळ मराठी बोलूं लागला. १९६७ सालीं अनंत पै यांनीं 'अमर चित्र कथा' सुरू केली. १९७१ सालीं बालभारतीचें 'किशोर' आलें. १९८० सालीं 'टिंकल' आलें. त्या काळीं दुकानदाराला विशेष कांहीं करावें लागत नसे. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर अंक येत, दोरीवर चढत आणि संपत. पुढें १९९० सालीं 'इंद्रजाल' बंद पडलें, 'चांदोबा'हि थांबला. आज चित्रकथा निघत नाहींत असें नाहीं, परंतु त्या लहान गांवांत आपोआप पोंचत नाहींत. त्या कोणाला तरी मुद्दाम मागवाव्या लागतात. आणि काय मागवावें, हें मागविणाऱ्याला कोणीं तरी सांगावें लागतें. गिऱ्हाइकाच्या सूचनेला आज जें मोल आलें आहे, तें यामुळें.

गिऱ्हाइकाचें मन दुखावलें असतां काय होऊं शकतें, याची एक हकीकत मुंबईंत घडलेली आहे. टी. एन. शानभाग हे तरुणपणीं एका दुकानांत पुस्तक चाळीत असतांना त्यांना हटकण्यांत आलें. तो अपमान त्यांच्या मनाला लागला. १९४८ सालीं त्यांनीं स्ट्रँड चित्रपटगृहांत स्वतःचें लहानसें दुकान थाटलें. तेथें कोणीहि यावें, पुस्तक हातीं घ्यावें, खुशाल चाळावें, आणि घेतल्यास किमतींत सवलत मिळवावी, असा परिपाठ त्यांनीं ठेविला. तें दुकान पुढें फोर्टांत गेलें, नांवारूपास आलें. २००३ सालीं शानभागांना पद्मश्री मिळाली. परंतु या हकीकतीचा शेवटहि विसरतां कामा नये. २०१८ च्या फेब्रुवारींत 'स्ट्रँड बुक स्टॉल' बंद झालें. हळहळणारे त्या वेळीं पुष्कळ निघाले. मात्र दुकान हळहळीवर चालत नाहीं. तें विक्रीवर चालतें.

चाळण्याचा हा प्रश्न चित्रकथेच्या बाबतींत अधिकच नाजूक आहे. कादंबरी उभ्याउभ्यानें वाचून संपत नाहीं; बत्तीस पानांची चित्रकथा दहा मिनिटांत संपते. मुलगा ती वाचून जागेवर ठेवतो आणि निघून जातो, दुकानदार चिडतो, मुलगा पुन्हां येत नाहीं. येथें एखाद्या समजूतदार पालकानें अशी सूचना करावी कीं, प्रत्येक नव्या अंकाची एकच प्रत उघडी ठेवावी आणि बाकीच्या पिशवींत बंद कराव्या. उघडी प्रत मळेल, फाटेल. तो खर्च जाहिरातीचा समजावा. मुलाला वाचावयास मिळेल, आणि जें आवडलें तें विकत घेण्याचा हट्ट तें घरीं जाऊन धरील.

सूचना कशी असावी, याचें दुसरें उदाहरण 'टिंकल'चें आहे. वाचकांनीं गोष्टी पाठवाव्या, अशी त्या मासिकाची पद्धति होती. १९८३ च्या सुमारास तिरुचिरापल्लीच्या एका वाचकानें एका भोळसट नोकराच्या गोष्टी पाठविल्या. राम वाईरकरांनीं त्याला रूप दिलें, आणि सुपंडी जन्मास आला. त्या वाचकानें "आपल्या अंकांत विनोद कमी असतो" एवढेंच कळविलें असतें, तर संपादकांनीं आभार मानले असते आणि पत्र फायलींत गेलें असतें. त्यानें विनोदच पाठविला. दुकानालाहि हाच न्याय लावावा. "तुमच्याकडे कांहीं मिळत नाहीं" ही सूचना नव्हे, ती कुरकुर झाली. "माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला इतिहासाच्या चित्रकथा मराठींतून हव्या आहेत, महिन्याला दोन घेईन" ही सूचना होय. तीवरून दुकानदाराला उद्यां सकाळीं काय करावयाचें तें कळतें.

आतां दुकानदाराची बाजू पाहूं. वर्तमानपत्रें व मासिकें यांचे न खपलेले अंक परत करण्याची सोय बहुधा असते. पुस्तकाच्या रूपानें निघणाऱ्या चित्रकथांना ती नेहमींच मिळते असें नाहीं. जो माल रोखीनें घेतला, तो खपला नाहीं तर अंगावर पडतो. अमेरिकेंतील चित्रकथांचीं दुकानें याच अटीवर उभीं राहिलीं. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या फिल सूलिंग यांनीं प्रकाशकांशीं असा करार केला कीं, अंक अधिक सवलतीनें मिळावे, पण न खपलेले परत घेऊं नयेत. नफा वाढला, तसा धोकाहि वाढला. या धोक्यावर तेथील दुकानदारांचा एक उपाय म्हणजे गिऱ्हाइकांकडून आधींच यादी घेणें: अमुक गृहस्थांसाठीं दरमहा हे तीन अंक बाजूला काढून ठेवावयाचे. यादी जितकी लांब, तितकी दुकानदाराची झोप स्वस्थ.

ही रीत आपल्याला परकी वाटावयाचें कारण नाहीं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हांपासून महाराष्ट्रांत दिवाळी अंकांची परंपरा चालत आली आहे, आणि दिवाळीपूर्वीं पैसे भरून अंकांची नोंदणी करणें हें आपल्या घरांच्या अंगवळणीं पडलें आहे. मग हीच नोंदणी मुलांच्या चित्रकथांसाठीं कां करूं नये? यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणी होऊन कापूस विकला गेला म्हणजे घरांत पैसा खेळतो. ज्येष्ठांत बी-बियाण्यांपायीं तो आटलेला असतो. विदर्भांतील शाळाहि उन्हामुळें उर्वरित महाराष्ट्रापेक्षां उशिरा उघडतात. तेव्हां नोंदणी दिवाळी-संक्रांतीच्या सुमारास घ्यावी आणि अंक उन्हाळ्याच्या सुट्टीला मुलांच्या हातीं पडावे, ही सूचना बोरी अरबच्या माणसालाच सुचूं शकते. मुंबईच्या प्रकाशकाला सुचणार नाहीं.

दुकानाच्या मांडणीविषयीं दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. दारांत टांगलेल्या अंकांचे रंग वैशाखाच्या उन्हांत उडतात. ते आंत सावलींत असावे आणि दारावर फक्त यादी असावी. पावसाळ्यांत अंकांच्या टांचण्यांना गंज चढतो, पानांना कसर लागते; जुने अंक जमिनीवर न ठेवतां फळीवर ठेवावे. लहान मुलांचे अंक लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर असावे. परंतु सर्वांत उपयोगाची सूचना एका साध्या वहीची आहे. एस्. टी.च्या गाडींत प्रवाशांसाठीं तक्रार-पुस्तिका असते, तशी ही वही गल्ल्यापाशीं दोरीनें बांधलेली असावी. मात्र तींत तक्रारी लिहावयाच्या नाहींत. कोणी कांहीं मागितलें आणि तें दुकानांत नव्हतें, एवढेंच लिहावयाचें: तारीख, काय मागितलें, कोणत्या भाषेंत. विक्रीच्या वहींत खपलेला माल दिसतो. न झालेली विक्री कोठेंच दिसत नाहीं. ती या वहींत दिसेल. एकच नांव महिन्यांत पांच वेळां आलें, तर त्याच्या प्रति मागविण्यास भिण्याचें कारण नाहीं.

संकेतस्थळाच्या बाबतींतहि असेंच आहे. तेथें झगमगाट असावा, फिरतीं चित्रें असावीं, अशा सूचना करणारे पुष्कळ भेटतात. दूरच्या गिऱ्हाइकाला त्यांचा उपयोग नाहीं. पुण्यास बसलेल्या आईला पांच गोष्टी कळावयास हव्या: अंक आज शिल्लक आहे कीं नाहीं, तो मराठी आहे कीं हिंदी, नवा आहे कीं जुना, किंमत काय, आणि टपालखर्च किती. जुन्या अंकाचें छायाचित्र त्याच प्रतीचें असावें. दुसऱ्या कोऱ्या प्रतीचें लावूं नये. नांवें देवनागरींत असावीं, आणि 'वेताळ' शोधणाऱ्याला जो अंक सांपडेल, तोच 'फँटम' शोधणाऱ्यालाहि सांपडावा. पान हलकें असावें, म्हणजे गांवांतील मंद जोडणीवरहि तें भ्रमणध्वनींत उघडेल.

टपालखर्चाचा मुद्दा थोडा विस्तारानें सांगतों. टपाल खात्यानें १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठीं 'ज्ञान पोस्ट' ही स्वस्त सेवा सुरू केली. आरंभीं तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा होता. नियतकालिकांना ती लागू नाहीं, पुस्तकांना आहे. याचा अर्थ असा कीं, एकेक पुस्तक वेगळें मागविल्यास खर्च जड पडतो आणि चार घरांनीं मिळून एक गठ्ठा मागविल्यास तो नांवापुरता उरतो. दुकानदारानें वजनावर बेतलेलें हें कोष्टक संकेतस्थळावर ठळक छापावें, आणि आपण बिऱ्हाडकरूंनीं एकत्र येऊन मागणी करावी. यांत दुकानाचाहि लाभ आहे आणि आपलाहि.

सूचना करणाऱ्यालाहि कांहीं बंधनें आहेत. जें मागवावयास सांगितलें, तें आल्यावर घेतलें पाहिजे. मुद्दाम मागविलेल्या पुस्तकाकडे पाठ फिरवून तेंच दुसऱ्या ठिकाणीं दहा रुपये कमी पडतात म्हणून घेणें, हा व्यवहार असेल, सौजन्य नव्हे. दुसरें, दुकानदाराला 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार असावा. जागा त्याची, भाडें त्याचें, उधारीहि त्याचीच थकलेली. दहा सूचनांपैकीं दोन त्यानें मानल्या आणि बाकीच्या कां मानतां येत नाहींत हें मोकळेपणानें सांगितलें, तरी पुष्कळ झालें. आणि सूचना मुलांनाहि विचाराव्या. चित्रकथा वाचणारीं तीं. आपण पैसे देणारे. तें मूल कपाटापाशीं जाऊन परत कां आलें, हें पुष्कळदां त्यालाच ठाऊक असतें.

यवतमाळला १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखालीं आणि २०१९ सालीं अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. असे सोहळे जिल्ह्याला भूषणावह आहेत. परंतु ते कांहीं दिवसांत आटोपतात आणि मांडव उतरतो. त्यानंतर वर्षभर मुलाच्या हातीं मराठी गोष्ट पडावयाची, ती त्या वह्या-लेखण्यांच्या दुकानांतल्या कोपऱ्यांतूनच. तो कोपरा ज्या दिवशीं दुकानदाराला तोट्याचा वाटेल, त्या दिवशीं तेथें शीतपेयांची पेटी येईल, आणि तें कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. म्हणून पुढच्या सुट्टींत गांवीं जाल तेव्हां दोन ओळींची चिठ्ठी दुकानदाराच्या हातीं द्या: काय हवें आहे, आणि त्यांतलें किती घ्याल. गांवीं जाणें होत नसेल, तर संकेतस्थळावरून तेंच कळवा.