सुधाकराचा ताठा

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून आपण ते पाहतो. माझ्या मते सुधाकराला दारूच्या आधी ताठ्याने गिळले आहे. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि वकिलीची सनद जाते, तीही काही महिन्यांपुरतीच. तेवढे दिवस मान खाली घालून काढणे त्याला जमत नाही. तळीराम प्याला पुढे करतो तो नेमका त्या घटकेला! सिंधूचे माहेर श्रीमंत. पण तिकडचा पैसा घेणे म्हणजे पुरुषपणाला बट्टा. मग ती लोकांची दळणे दळते. त्याने बट्टा लागत नाही, हे कसे? आणि या सिंधूचे काम करीत बालगंधर्व. स्त्रीवेषातल्या पुरुषासाठी पुरुष ढसाढसा रडले. घरच्या सिंधूसाठी किती रडले असतील, कोण जाणे.

आपल्या डोंबिवलीत कारखान्याला टाळे लागले की कामगार युनियनच्या कचेरीत येऊन देण्यांचा हिशेब विचारतात. "घरी सांगितलेत का?" म्हटले की गप्प. त्यांतले काही महिना-महिना सकाळची लोकल गाठून संध्याकाळी परततात. बायको रोज डबा भरून देत असते.