ध्वनिमिश्रकावरील नावे आणि क्रम

(पहूर, ता. जामनेर, जि. जळगाव येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणारे तरुण यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



मिक्सरवर नावे लिहिणे ही काय भाषण करण्याजोगी गोष्ट आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. माझे मत कसे बदलले ते आधी सांगतो, कारण ती चूक माझी स्वतःची आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या ग्रामसभेत ध्वनिव्यवस्था माझ्याकडे होती. आदल्या रात्री त्याच मंडपात सप्ताहातील कीर्तन झाले होते आणि मिक्सर तसाच मांडलेला होता. सकाळी व्यासपीठावर तीन माईक लावले आणि सभेत फिरवण्यासाठी दोन बिनतारी माईक दिले, एक पुरुषांच्या बाजूला व एक महिलांच्या. पाण्याचा विषय निघाला. मागच्या रांगेतून एक भगिनी उठल्या, त्यांनी माईक हाती घेतला व बोलू लागल्या. मी जी खुंटी वर केली ती त्यांच्या माईकची नव्हतीच. यंत्राच्या पडद्यावर रात्रीची नावे होती. 'टाळकरी 2' या नावामागे आता महिलांचा माईक आहे, हे शोधून काढण्यात माझा अर्धा मिनिट गेला. तेवढ्यात पुढून 'ऐकू येत नाही' असा ओरडा झाला, कोणी हसले, आणि त्या खाली बसल्या. नंतर माईक सुरू झाला. पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. सभेच्या इतिवृत्तात त्यांचा प्रश्न नाही. तो विचारलाच गेला नाही, असेच तो कागद सांगतो. यंत्र चांगले होते, वायरी चांगल्या होत्या, वीजही होती. फक्त नाव चुकीचे होते.

एका माईकचा काळ

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. 1936 च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यातील, त्या वेळच्या पूर्व खानदेशातील, फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्या पिढीच्या मोठ्या सभांची छायाचित्रे पाहिली, तर नेत्यांपुढच्या माईकवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे अनेकदा दिसतात. नाव परदेशी वाटले तरी ती मोटवाने कुटुंबाची आपल्या देशातील कंपनी होती. एक माईक, एक वर्धक आणि झाडाला किंवा खांबाला बांधलेले कर्णे, एवढीच सामग्री. तेथे नाव कशाला लिहावयाचे?

पुढे माईक वाढले आणि मिक्सर आला. (येथे स्वयंपाकघरातील मिक्सर कोणी समजू नये, एकदा एका गावी खरेदीच्या ठरावात तशी गफलत होता होता राहिली.) जुन्या मिक्सरवर प्रत्येक माईकला एक उभी पट्टी असे व तिच्या तळाशी वरखाली सरकणारी खुंटी, जिला आपण फेडर म्हणतो. जाणता ऑपरेटर खुंट्यांच्या खाली पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनने नावे लिही. कार्यक्रम संपला की पट्टी उपटावी, दुसऱ्या दिवशी नवी लावावी. ही पद्धत साधी होती आणि खरी होती, कारण ज्या खुंटीखाली 'पेटी' लिहिले ती खुंटी रात्रभर पेटीचीच राही.

अंकीय मिक्सरने हे बदलले. जपानच्या यामाहा कंपनीने 1994 मध्ये प्रोमिक्स 01 हा त्या मानाने स्वस्त अंकीय मिक्सर बाजारात आणला. 2012 मध्ये बेहरिंगरचा एक्स 32 आला, आणि पुढे लहान गावांतून सामान भाड्याने देणाऱ्यांच्या टेम्पोतही अशी यंत्रे दिसू लागली. या एक्स 32 वर माईकच्या वाटा 32, पण त्यांच्यासाठी खुंट्या 16. बटण दाबले की वहीचे पान उलटावे तसे होते आणि त्याच 16 खुंट्या पुढच्या 16 माईकच्या होतात. म्हणजे खाली चिकटवलेली पट्टी पहिल्या पानावर खरे बोलते आणि दुसऱ्या पानावर खोटे. यासाठीच प्रत्येक खुंटीच्या वर एक लहान पडदा दिलेला असतो. पान उलटले की त्यावरील नावही बदलते. काही यंत्रांना तर खुंट्याच नाहीत, सारे काम टॅब्लेटच्या काचेवर. तेथे नावावाचून हाताला दुसरा आधारच उरत नाही.

नाव कोणाचे?

माणसाचे नाव लिहू नये, असे माझे मत आहे. 'भाऊ' किंवा 'अण्णा' हे लिहिणाऱ्याला कळते. तो आजारी पडला आणि दुसरा मुलगा खुर्चीवर बसला की त्याने कोणाला विचारावे? पदनामही मला फारसे पसंत नाही. 'सरपंच' असे लिहिलेला माईक पाच मिनिटांत ग्रामसेवकांच्या हाती जातो आणि नंतर शाळेच्या मुख्याध्यापकांच्या. माईक जेथे उभा आहे त्या जागेचे नाव टिकते: 'व्यासपीठ डावा', 'व्यासपीठ मधला', 'महिला बाजू'. वाद्यांच्या बाबतीत मात्र वाद्याचेच नाव हवे, आणि पखवाजाला दोन माईक असतील तर शाईची बाजू कोणती व कणकेची कोणती, हेही हवे. दोहोंचा आवाज वेगळा, म्हणून त्यांची मांडणीही वेगळी.

आणखी एक अडचण आपल्या भाषेची आहे. बहुतेक यंत्रांच्या पडद्यांवर रोमन अक्षरेच उमटतात, तीही मोजकी. एक्स 32 वर 12. मग तरुण मंडळी संक्षेप करतात. मी एका ठिकाणी 'पी 1', 'पी 2', 'पी 3' असे वाचले. पखवाज, पेटी की पोडियम? लिहिणाऱ्याने तिन्ही लिहिले होते, त्याच क्रमाने नव्हे. यावर माझा उपाय असा की पडद्यावर रोमनमध्ये शब्द शक्य तितका पूर्ण लिहावा, आणि शेजारी एका पुठ्ठ्यावर, पान पहिले व पान दुसरे अशा दोन ओळी करून, देवनागरीत तीच यादी ठेवावी. वीज गेली आणि यंत्र पुन्हा सुरू होत असले, तरी तो पुठ्ठा वाचता येतो.

क्रमाबद्दल थोडे सांगतो. परदेशी वाद्यवृंदांत ढोलांपासून आरंभ करून गायकापर्यंत यावे असा रिवाज आहे, आणि आपली मुले तो चलचित्रांवरून शिकतात. कीर्तनाला त्याचा उपयोग बेताचाच. ऑपरेटर ज्या बाजूला बसून व्यासपीठ पाहतो, त्याच क्रमाने माईक डावीकडून उजवीकडे मांडले तर डोळा आणि हात यांचे भांडण होत नाही. एक अपवाद करावा: ज्या माईकवाचून कार्यक्रमच थांबेल, म्हणजे कीर्तनात कीर्तनकारांचा व ग्रामसभेत सभेत फिरणारे दोन, ते पहिल्याच पानावर, हाताजवळच्या टोकाला ठेवावेत. माझ्या त्या सभेत ते दुसऱ्या पानावर होते.

व्यासपीठावरील पेटीत वायर ज्या क्रमांकाच्या छिद्रात खोवली, त्याच क्रमांकाच्या पट्टीवर तो आवाज यावा, हे शक्य तोवर पाळावे. अंकीय यंत्रात 14 व्या छिद्रातील आवाज तिसऱ्या पट्टीवर आणता येतो. ही सोय मोठी आहे आणि घोळही तेथेच होतो. वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक असावा. नुसत्या माईककडच्या टोकाला लिहून भागत नाही.

रंगांचे म्हणाल तर रेल्वेच्या केबिनमधील दांडे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही कल्पना नवी नाही. थांबण्याच्या सिग्नलचा दांडा लाल, सांध्याचा काळा, आणि कशालाच न जोडलेला पांढरा. शिवाय प्रत्येकावर क्रमांक. त्या पांढऱ्या दांड्याचे मला विशेष कौतुक वाटते. रिकामी पट्टीही 'रिकामी' अशीच लिहून ठेवावी, जुने नाव तिच्यावर राहू देऊ नये. बिनतारी माईकच्या बुडाला ज्या रंगाची चिकटपट्टी, तोच रंग पडद्यावर द्यावा. पण रंगावर एकट्याने भिस्त नको. काही पुरुषांना लाल व हिरवा यांतील भेद दिसत नाही आणि पुष्कळांना ते स्वतःलाही ठाऊक नसते.

न लागणारे माईक बंद

योग्य नावांमुळे आणखी एक गोष्ट साधते. ज्याचे काम नाही तो माईक ऑपरेटर निःशंकपणे बंद करू शकतो. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न येता वाढवता येणारा आवाज सुमारे 3 डेसिबलने घटतो. आठ माईक उघडे ठेवून एक जण बोलत असेल, तर सुमारे 9 डेसिबल फुकट गेले. मग भाषण नीट ऐकू येत नाही म्हणून कर्ण्यांची संख्या वाढवली जाते आणि शेजारच्या घरातील परीक्षार्थी मुलाचा अभ्यास बुडतो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आपणा सर्वांना परिचित आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 ही बंदी सर्वांच्या लक्षात असते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा मात्र फार थोड्यांच्या.

यंत्रात सारी मांडणी नावानिशी जतन करून ठेवता येते. 'नवीन 1', 'नवीन 2' अशी नावे देऊ नका. 'कीर्तन', 'ग्रामसभा', 'स्नेहसंमेलन' अशी द्या, पुढे तारीख घाला. आणि रात्रीची 'कीर्तन' मांडणी सकाळच्या सभेला तशीच चालू ठेवू नका. ते मी करून पाहिले आहे.

शेवटी तपासणी. आपल्याकडे माईकवर टकटक करतात, फुंकर मारतात, नाहीतर 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन' म्हणतात. त्यातून माईक चालू आहे एवढेच कळते. कोणता चालू आहे ते कळत नाही. त्याऐवजी व्यासपीठावरच्या मुलाने प्रत्येक माईकमध्ये त्याच माईकचे नाव उच्चारावे, आणि ऑपरेटरने ते पडद्यावर वाचून हात वर करावा. पाच मिनिटे लागतात.

ते आता आपण करून पाहू. समोर सोळा वायरी आहेत, मुद्दाम विस्कटून ठेवल्या आहेत. चिकटपट्टी, पेन व पुठ्ठा टेबलावर आहे. शिक्षक मंडळींपैकी दोघांनी व्यासपीठावर यावे. आणि ग्रामपंचायतीच्या भगिनी सदस्यांपैकी एकीने मिक्सरवर बसावे, अशी माझी विनंती आहे.