डोक्याचा मार आणि पाठीचा कणा

मेंदूवर शस्त्रक्रिया करावयाची असें म्हटलें कीं, घरांतील वडील माणसें रोग्याची आशाच सोडतात. ही भीति एके काळीं निराधार नव्हती. कवटी उघडलेल्यांपैकीं थोडेच वांचत. अमेरिकेंतील हार्वे कुशिंग (१८६९–१९३९) यांनीं सावकाश, रक्तस्राव आवरीत काम करण्याची पद्धति घालून दिली, तेव्हां हें शास्त्र स्थिरावलें. भारतांत १९४९ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. जेकब चांडी यांनीं या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग काढला.

परंतु वर्धा जिल्ह्यांतील रोहण्यासारख्या गांवीं अडचण कौशल्याची नसते, वेळेची असते. श्रोत्यांपैकीं ज्यांचे आप्त खेड्यांत आहेत, त्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

कापसाच्या गाडीवरून एखादा मुलगा पडला, असें समजा. कानशिलाला मार लागला. क्षणभर शुद्ध गेली, मग तो उठून बसला, पाणी प्याला, बोलूं लागला. घरचीं माणसें निर्धास्त होतात. घात येथेंच आहे. कानशिलाचें हाड पातळ असून त्याच्या आंतल्या अंगास एक रक्तवाहिनी आहे. हाड तडकलें कीं कधीं कधीं ती फाटते आणि हाड व मेंदूचें वेष्टन यांच्यामध्यें रक्त सांचूं लागतें. कवटी म्हणजे बंद पेटी. ती फुगत नाहीं, म्हणून मेंदूच दाबला जातो. कांहीं तासांनीं मुलगा पेंगतो, त्याला वांती होते, एका डोळ्याची बाहुली दुसरीहून मोठी दिसते. दमला असेल, झोपूं द्या, असें कोणी तरी म्हणतेंच. आणि ही माया त्याच्या जिवावर बेतते. सी. टी. स्कॅनच्या चित्रांत रक्ताची गांठ स्पष्ट दिसते. हाडाचा तुकडा उचलून गांठ काढली आणि वाहिनी बंद केली, तर तोच मुलगा पुन्हां शाळेंत जाऊं शकतो. या कामीं मेंदूला शस्त्र लावावें लागत नाहीं, ही गोष्ट भिणाऱ्यांना कोणी सांगत नाहीं.

कण्याचें प्रकरण निराळें. तेथें घाईच घात करते. झाडावरून पडलेला माणूस पाय हलत नाहींत म्हणतो, आणि मदतीला धांवलेले लोक त्याचे खांदे व पाय धरून उचलतात. कंबर मध्यें लोंबते. मोडलेला मणका तेवढ्यानें सरकतो. आंतील मज्जारज्जु करंगळीएवढा जाड. तो तुटल्यास आजच्या विद्येलाही सांधतां येत नाहीं. शस्त्रवैद्य रज्जूवरील दाब काढतो, धातूच्या सळयांनीं मणके पक्के करतो. गेलेलें बळ परत देईलच असें नाहीं. म्हणून मान, पाठ व कंबर एका रेषेंत धरून, चौघांनीं एकदम फळीवर घ्यावें. फळी नसेल तर दाराचें फळकूट चालतें.

पाठीचें प्रत्येक दुखणें मात्र शस्त्राचें नव्हे. मणक्याचा क्षयसुद्धां बहुधा औषधांनींच बरा होतो.

सेवाग्रामला १९६९ सालीं आणि सावंगी मेघे येथें १९९० सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. नागपूरचें तर १९४७ पासूनचें. तरीही १०८ क्रमांकावर गाडी बोलावितांना डोक्याला किंवा कण्याला मार आहे, हें आधीं सांगावें, म्हणजे एका दवाखान्यांतून दुसऱ्यांत फिरण्यांत रात्र जात नाहीं. वाटेंत खाणेंपिणें देऊं नये. आणि पडला किती वाजतां, पेंगूं लागला किती वाजतां, हें कागदावर लिहून बरोबर द्यावें. शस्त्रवैद्य प्रथम तेंच विचारतो.