कलेचे कारभारी कसे घडतील?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



'कला-प्रशासन व सांस्कृतिक व्यवस्थापन यांचे व्यावसायिक प्रशिक्षण' असा विषय मला देण्यात आला आहे. नाव जड आहे. आपल्याकडे यासाठी एक जुना, सोपा शब्द आहे : कारभार. जत्रेचा कारभार, फडाचा कारभार, नाट्यमंडळाचा कारभार. हा कारभार जो पाहतो तो कारभारी. (घरोघरच्या कारभाऱ्यांशी त्याची गल्लत करू नये, एवढीच भगिनींना विनंती.) हा कारभारी शिकवून तयार करता येतो काय, आणि नांदेड-लातूरच्या मातीत तो तयार करता येईल काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शासकीय मोहिमेच्या मेळाव्यात मी गोंधळ ठेवला होता. वेळ भर दुपारची. दोन भाषणांच्या मध्ये वीस मिनिटे मोकळी होती, तेवढी मी गोंधळ्यांना दिली. मंडपाचे कापड पेटेल या धास्तीने दिवटी पेटवू दिली नाही. धान्याचा चौक मांडावयास जागा नव्हती, कारण तेथे पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. संबळाची पहिली थाप पडली आणि तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. गोंधळ थांबला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. विझलेली दिवटी हातात धरून मंडपाच्या कडेला उभे असलेले ते वृद्ध नायक मला आजही दिसतात. ते रागावले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "सायेब, गोंधळ रातीचा असतो."

मी कला शाखेचा पदवीधर. साहित्य वाचलेला. गोंधळ रात्रीचा असतो हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु कार्यक्रमपत्रिका आखताना ते आठवले नाही, कारण कलेची गरज आधी विचारावी आणि मग वेळापत्रक आखावे, असे मला कोणी शिकविले नव्हते. पुढे त्यांचे मानधनही रखडले. पत्रिकेवर त्यांचे रूढ नाव आणि बँकेच्या पुस्तकात दुसरेच. एवढ्या कारणाने देयक पाच महिने फिरत राहिले. त्यातही चूक माझीच. नाव आधी पडताळून घेणे हे कारभाऱ्याचे काम होते.

याच नायकांची आणखी एक गाठ पडली ती काही वर्षांनी, वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज घेऊन ते आले तेव्हा. आपणांपैकी बहुतेकांना ही योजना परिचित आहे. १९५४-५५ पासून राज्यात ती चालत आली असून, आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते. पूर्वी कलावंतांच्या तीन श्रेणी करून कमी-अधिक रक्कम दिली जात असे. २०२४ मध्ये श्रेणींचा भेद काढून सर्वांना दरमहा ५,००० रुपये देण्याचा निर्णय झाला. योजना चांगली आहे. पण अर्जासोबत कलासेवेचा पुरावा लागतो, आणि तो लागणारच. सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे. नाटकात काम करणाऱ्यापाशी पत्रिका असते, गायकापाशी वृत्तपत्राचे कात्रण असते. चाळीस वर्षे रात्री जागवलेल्या गोंधळ्यापाशी काय असणार? मी कागदपत्रांविषयी विचारले. ते म्हणाले, "देवीच्या दारी पावती कोन देतंय, सायेब?"

माझ्या त्या दुपारच्या मेळाव्याचे तरी प्रमाणपत्र आपण द्यावे म्हणून मी जुनी फाइल काढली. फाइलमध्ये मंडपाचे देयक होते, हारांचे होते, चहाचे होते. कलावंतांच्या रकान्यात 'लोककला पथक, एक' एवढीच नोंद होती. ती मीच लिहिली होती.

मंडळी, कला-प्रशासन या विषयाचे महत्त्व मला तेथे कळले.

आता या कामात काय काय येते ते पाहू. त्यासाठी दूर जावयास नको. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घ्या. मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणारी ही यात्रा म्हणजे देवस्वारी, घोडे व गाढवांचा बाजार, पशुप्रदर्शन, कुस्त्यांची दंगल आणि त्याच जोडीला लावणी महोत्सव. नांदेड जिल्हा परिषद तिचे आयोजन करते. येथे येणाऱ्या कलावंतांत ढोलकी फडाचा तमाशा वेगळा आणि संगीत बारी वेगळी. एकाला मोठा मंच व मोकळे मैदान लागते, दुसरीला जवळ बसलेला, शब्द ऐकणारा श्रोता लागतो. हा भेद ज्याला ठाऊक नाही, तो दोघांनाही एकाच मंचावर, एकाच ध्वनिक्षेपकासमोर उभे करतो. मग कपडे बदलण्याची जागा, स्त्री कलावंतांसाठी स्वच्छतागृह, रात्री उशिरा त्यांना मुक्कामी पोहोचविणारे वाहन, पिण्याचे पाणी. या गोष्टी कार्यक्रमपत्रिकेवर छापल्या जात नाहीत; परंतु ती बाई पुढच्या वर्षी माळेगावला येणार की नाही, हे त्यांवरच ठरते.

कायद्याची बाजूही आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून अधिकाधिक १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देता येते. आता तमाशा, गोंधळ, जागरण ही सारी रात्रीची लेकरे. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. यात्रेच्या गावात आजारी माणसेही असतात आणि परीक्षेला बसलेली मुलेही. पण सवलतीच्या दिवसांची यादी ठरण्यापूर्वीच आपल्या यात्रेची तिथी कोणत्या तारखेस येते हे पाहून जो अर्ज करतो, तो कारभारी; आणि ऐन रात्री पोलीस पाटलाशी हुज्जत घालतो, तो हौशी. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घेणे, कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाची परवानगी व मानधन पाहणे, हेही त्यातच आले. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात महोत्सव भरतो. अशा ठिकाणी मंचाचा खांब कोठे रोवावयाचा नाही, हे पुरातत्त्व खात्याला आधी विचारावे लागते. हजार वर्षांच्या आसपास टिकलेल्या दगडाला आपल्या तीन दिवसांच्या उत्सवाने धक्का लागता कामा नये.

लातूर जिल्ह्याकडे वळू. उदगीरला २२ ते २४ एप्रिल २०२२ या काळात ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष भारत सासणे होते, आणि महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाचा परिसर हे संमेलनस्थळ होते. तालुक्याच्या गावी, एप्रिलच्या उन्हात, राज्यभरातून व सीमेपलीकडून आलेली माणसे. निवास, भोजन, ग्रंथप्रदर्शन, अनेक मंडप, निमंत्रितांची ने-आण. ज्या तरुणांनी हे काम केले, ते तीन दिवसांत जे शिकले ते वर्गात वर्षभरात शिकता आले नसते. माझा प्रश्न पुढचा आहे. असे संमेलन उठल्यावर त्या तरुणांचे आपण काय करतो? आभाराचे पत्र देतो, आणि तो पुन्हा शिक्षकभरतीच्या जाहिरातीची वाट पाहतो. लातूरने शिकवणी वर्गांच्या बळावर अख्ख्या राज्यातील मुले आपल्याकडे ओढली. तेथे वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशाची तयारी करून घेणारा माणूस मिळतो. नाट्यगृहाच्या तारखा, वीज, ध्वनी आणि हिशेब एकहाती सांभाळणारा माणूस शोधावा लागतो.

प्रशिक्षणाची सोय आहे काय? कलावंत घडविण्याची आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे. कलेच्या व्यवस्थापनाला स्वतंत्र विद्या म्हणून मान्यता मिळण्यास मात्र उशीर लागला. अमेरिका व ब्रिटनमधील शिक्षणसंस्थांनी १९६० च्या दशकात हे अभ्यासक्रम सुरू केले. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने सांस्कृतिक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका आणली. पण ती दिल्लीत. मुखेडच्या किंवा निलंग्याच्या मुलाने दिल्लीला राहावयाचे कसे?

जवळचे पाहू. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झाले. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे, आणि वाणिज्य व व्यवस्थापनाचे शिक्षणही त्याच परिसरात दिले जाते. दोन इमारतींमधून एक पायवाट तेवढी हवी. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने अंदाजपत्रक शिकावे आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने संबळ ऐकावा. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम यातून सहज उभा राहील. प्रात्यक्षिकाला मैदान कमी नाही : विद्यापीठाचा दरवर्षीचा युवक महोत्सव, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, माळेगाव, लातूरची सिद्धेश्वर यात्रा, नांदेडचा संगीत शंकर दरबार. यांपैकी दोन ठिकाणी विद्यार्थ्याने आरंभापासून शेवटच्या देयकापर्यंत काम करावे आणि त्याचा अहवाल हीच त्याची परीक्षा असावी. प्रश्नपत्रिकेतून हा विषय येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकऱ्यांविषयी मी गोड बोलणार नाही. 'कला प्रशासक' या नावाची जाहिरात आपल्या जिल्ह्यांत क्वचितच निघेल. सांस्कृतिक कार्य संचालनालयाचा कारभार मुंबईहून व मोजक्या विभागीय कार्यालयांतून चालतो. जिल्ह्यात हे काम आम्हां माहिती खात्याच्या लोकांकडे, समाजकल्याण विभागाकडे, शिक्षण विभागाकडे वाटून गेलेले असते, आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नसते. तरीही नगरपालिकांची सभागृहे आहेत, देवस्थानांचे विश्वस्त मंडळ आहेत, महाविद्यालये आहेत, नागपूरचे १९८६ पासूनचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, संग्रहालये आहेत, ध्वनी-प्रकाशाचा व्यवसाय करणारे आहेत. प्रशिक्षित मुलगा किंवा मुलगी प्रारंभी यांपैकी दोन-तीन ठिकाणी मिळून पोट भरील. त्याला पदाची वाट पाहावी लागेल. कामाची लागणार नाही.

अभ्यासक्रम मंजूर व्हावयास काळ लागतो. तोवर ग्रामपंचायतींना एक काम सुचवितो, त्याला अनुदान लागत नाही. पंचायतीत एक जाड नोंदवही ठेवावी. गावात गोंधळ, भारूड, कलगीतुरा, जागरण, नाटक जे काही होईल, त्याची तारीख लिहावी. कलावंताचे पूर्ण नाव बँकेच्या पुस्तकाप्रमाणे व रूढ नावाप्रमाणे, अशी दोन्ही नावे लिहावीत. साथीदारांची नावे, गाव, दिलेले मानधन लिहून सरपंच व कलावंत या दोघांची सही घ्यावी आणि त्याची एक प्रत कलावंताच्या हाती द्यावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून ही नोंद करून घ्यावी; मुलांचे अक्षर चांगले असते आणि त्यांना प्रश्न विचारावयास संकोच वाटत नाही. वासुदेव सकाळी दारावर येतो, त्याचीही नोंद करावी. त्याच्या दारी कोणी पत्रिका छापीत नाही.

त्या नायकांच्या अर्जाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. ज्या घरी त्यांनी गोंधळ घातले होते अशा गावांतून आम्ही लेखी निवेदने गोळा केली. सात गावांची मिळाली. अर्ज पुरा होण्याच्या आधी ते गेले. त्यांचा नातू संबळ वाजवितो. त्याच्या नावाची पहिली नोंद मी माझ्या वहीत केली आहे. दुसरी आपल्यापैकी कोणाच्या तरी गावी व्हावयाची आहे.