दहावी पास आहात? मग तुमचं काँट्रॅक्ट सरकार वाचणार नाही

(हा या भागाचा लिखित मजकूर. बसमध्ये ऐकताना नोंदी घेता येत नाहीत असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून बोलले तसंच, थोडं नीटनेटकं करून इथे देतेय.)

चौलहून बोलतेय. मध्येच एसटीचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या. अलिबाग-रेवदंडा रस्ता घरासमोरूनच जातो, त्याला इलाज नाही.

आजचा विषय आहे परदेशातल्या शाळेतली नोकरी आणि ती मिळवून देणारा एजंट. मी २०१७ ते २०२४ अशी सात वर्षं संयुक्त अरब अमिरातीत गणित शिकवलं. त्यामुळे दर वर्षी डिसेंबर ते मार्च माझा फोन वाजत असतो. तिकडच्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात ना, त्यामुळे भरतीचा हंगाम तोच. मेसेज साधारण एकसारखेच असतात. "ताई, बीएड झालंय. एजंट म्हणतो पंधरा दिवसांत व्हिसा. दीड लाख भरू का?"

असं विचारणाऱ्या मुलामुलींना कोणी हावरट म्हणू नये. इथली स्थिती बघा. शिक्षकभरतीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये. मधली पाच वर्षं पवित्र पोर्टल रिफ्रेश करत बसायचं. शिक्षणसेवक म्हणून लागलात तरी पहिली तीन वर्षं मानधनावर. ते मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार झालं. त्याआधी प्राथमिकला ६ हजार होतं, सहा! मग कोणी महिना ऐंशी हजार आणि राहायला फ्लॅट म्हटलं, तर माणूस ऐकणारच.

तर जा. मी जाऊ नका म्हणणार नाही. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, कारण ती कोणी सांगत नाही.

आपल्याकडे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. त्याखाली 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नावाचा सरकारी अधिकारी असतो. गवंडी, ड्रायव्हर, घरकामाला जाणारी बाई, म्हणजे ज्यांची दहावी झालेली नाही, अशांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' छापलेलं असतं. असा माणूस आखातातले देश, मलेशिया, थायलंड वगैरे १८ देशांपैकी कुठे नोकरीला निघाला, की आधी या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मालक कोण, पगार किती, काँट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय, हे ई-मायग्रेट पोर्टलवर तपासलं जातं. विमाही सक्तीचा असतो.

आता तुम्ही. दहावी झाली, बारावी झाली, बीएस्सी, बीएड. तुमच्या पासपोर्टवर ईसीआर नाही. याला आपण अभिमानाने 'ईसीएनआर' म्हणतो, म्हणजे तपासणीची गरज नाही. सरकारने धरून चाललंय की तुम्ही शिकलेले आहात, तुमचा कागद तुम्ही वाचाल. गवंड्याचं काँट्रॅक्ट एक अधिकारी वाचतो, शिक्षकाचं कोणीच वाचत नाही. शिकलेला माणूसही फसतो हे सरकारला ठाऊक आहे बरं का. म्हणूनच २०१५ पासून नर्सना, ईसीएनआर पासपोर्ट असला तरी, त्या १८ देशांसाठी मंजुरी सक्तीची केली. शिक्षकांना मात्र तसं काही नाही.

म्हणजे प्रोटेक्टरचं काम तुम्हाला स्वतःला करायचंय, आणि तेही विमानात बसण्याआधी. उतरल्यावर तुमच्या हातात फार थोडं उरतं.

आमच्या चौलच्या इतिहासात याचं एक भारी उदाहरण आहे. रेवदंड्याला रशियन प्रवासी अफनासी निकितिनचं स्मारक आहे, तुमच्यापैकी कित्येकांनी त्यासमोर सेल्फी काढला असेल. हा माणूस १४६९ च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. पुढे जुन्नरला गेला, तर तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला. म्हणाला, चार दिवस देतो, धर्म बदल, मग घोडाही देतो आणि वर हजार मोहराही. शेवटी खुरासानचा एक ओळखीचा अंमलदार मध्ये पडला म्हणून घोडा सुटला. आणि निकितिनने आपल्या वहीत काय तक्रार केलीय? की इथे तुमच्या देशासाठी भरपूर माल मिळेल असं सांगून मला आणलं, आणि तसं काहीच नव्हतं! साडेपाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण तीन मुद्दे बघा. आधी खोटं आश्वासन, मग हातातली मौल्यवान वस्तू ताब्यात घेणं, आणि मग नवी अट. आज घोड्याच्या जागी पासपोर्ट आहे, नाहीतर तुमची मूळ डिग्री.

आता एकेक कागद घेऊ.

पहिला व्हिसा. एजंट म्हणतो, "आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर शाळा बदलून देईल." कधी कधी देतातही, म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. पण व्हिजिट व्हिसावर वर्गात उभं राहणं म्हणजे बेकायदा काम. माझ्यासोबत आंध्रची एक मुलगी होती, इंग्रजी शिकवायची. तिने असे तीन महिने काढले. पगार मागितला की उत्तर एकच, "तुझं परमिट आलं की एकदम देऊ." व्हिसा संपला तरी परमिट आलं नाही. आता तक्रार करायची तर ती स्वतःच नियम मोडणारी ठरते, आणि मुदत उलटल्यावर दंड दिवसाला ५० दिरहॅम. शेवटी आम्ही सहकाऱ्यांनी पैसे जमवले आणि ती परत गेली. तीन महिन्यांचा पगार तिथेच राहिला.

हे फक्त आखातातच होतं असं नाही. २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधल्या नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. दुबई-बँकॉकच्या नावाने आयटीतली मुलं नेली आणि म्यानमारच्या सीमेवर ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेऊन कोंडली. पोस्ट आयटीची होती, पण पद्धत तीच, टुरिस्ट म्हणून न्यायचं आणि मग अडकवायचं. म्हणून सरळ नियम ठेवा. नोकरीचा व्हिसा किंवा एंट्री परमिट तुमच्या नावाने, शाळेच्या नावासकट आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

इंग्लंडचंही सांगते, कारण हल्ली त्याच्या जाहिराती फार येतात. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना तिथल्या शिक्षकपदाच्या पात्रतेसाठी अर्ज करता येतो, हे खरं आहे. पण व्हिसा शाळेच्या स्पॉन्सरशिपवर असतो. परवाना असलेल्या स्पॉन्सरची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. शाळेचं नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. आणि नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घेणं तिथल्या कायद्यात बसतच नाही. स्पॉन्सरशिप तुटली तर साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. नोकरी गेली की राहण्याचा हक्कही जातो, हे लक्षात ठेवून निघा.

दुसरा कागद काँट्रॅक्ट. अमिरातीत पद्धत अशी, की आधी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं, त्यावर तुम्ही सही करता, आणि नंतरचं काँट्रॅक्ट त्याच्याशी जुळायला लागतं. ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर तुम्हाला कळेल अशा आणखी एका भाषेत मिळू शकतं. त्या यादीत हिंदी आहे, मल्याळम आहे, तमिळ आहे. मराठी नाही. असो.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. ऑफर लेटर व्यवस्थित होतं. तिथे पोचल्यावर चौथ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात दुसरा कागद पुढे ठेवला. 'अंतर्गत करार.' घरभाड्याचे महिना हजार दिरहॅम पगारातून कापणार, आणि दोन वर्षांआधी सोडलं तर भरतीचा सगळा खर्च मी द्यायचा. "सगळेच सही करतात, मॅडम." मी म्हटलं, वाचून उद्या देते. रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघितले. सकाळी ईमेल केला, अगदी नम्रपणे, की मंत्रालयात नोंदलेल्या ऑफरमध्ये या अटी नाहीत, तर कोणता कागद लागू समजायचा ते कृपया लेखी कळवा. त्या ईमेलचं उत्तर कधीच आलं नाही आणि तो कागदही पुन्हा माझ्यासमोर आला नाही. पगार ऑफरप्रमाणे झाला. माझ्याकडे ओळख नव्हती, वशिला नव्हता. सही केलेल्या ऑफर लेटरची प्रत माझ्या फोनमध्ये, बहिणीच्या फोनमध्ये आणि ईमेलमध्ये होती, एवढंच.

काँट्रॅक्टमध्ये काय बघायचं? मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे लिहिलेत का. उन्हाळी सुट्टीचा पगार मिळणार का, कारण काही जण दहाच महिने धरतात. आठवड्याला तास किती. परतीचं तिकीट कोणाचं. प्रोबेशन किती, अमिरातीत ते सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आणि सोडायचं झालं तर नोटीस किती, वसुली कशाची. "बाकी तिथे बोलू" हे वाक्य ऐकलं की समजा, ती बाकी तुमच्याकडूनच वसूल होणार.

तिसरा पासपोर्ट. तो तुमच्याकडे असला तरी मालमत्ता भारत सरकारची, असं १९६७ चा पासपोर्ट कायदाच म्हणतो. शाळेला तो कपाटात ठेवायचा अधिकार नाही. अमिरातीच्या कायद्यातही मालकाला कामगाराची कागदपत्रं अडकवता येत नाहीत. पूर्वी "व्हिसाचा स्टिकर लावायचाय" म्हणून घ्यायचे. २०२२ पासून तिथे तो स्टिकरच बंद झालाय, एमिरेट्स आयडीवर काम चालतं, म्हणजे ते कारणही फारसं उरलेलं नाही. तसंच मूळ डिग्रीचं. साक्षांकनासाठी ती द्यावी लागते, पण कोणाला, कोणत्या तारखेला, किती दिवसांसाठी, याची सहीची पोच घ्या. आमच्याच भागातल्या एकीची डिग्री एजंटकडे पाच महिने पडून होती. नोकरी नको म्हटल्यावर तो म्हणाला, पन्नास हजार द्या आणि घेऊन जा. निकितिनचा घोडा, दुसरं काय!

आता पैसे. नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतात, आणि पावती द्यावीच लागते. दीड लाख, दोन लाख, "कॅशच द्या" हे त्या चौकटीत बसत नाही. एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेटवर दिसतं. लायसन्स नंबर मागा आणि स्वतः टाकून बघा. कंपनीचं नाव, पत्ता, मालक, सगळं जुळलं पाहिजे. 'आमच्या पार्टनरचं लायसन्स आहे' हे उत्तर चालणार नाही.

आणि पहिला हप्ता हाच गळ असतो, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात फार स्पष्ट दिसतं. २००७ पासून फिलिपिन्सच्या साडेतीनशेहून जास्त शिक्षकांना लुईझियानातल्या सरकारी शाळांत नेलं. भरती कंपनी लॉस एंजेलिसची. आधी सुमारे पाच हजार डॉलर घेतले, परत न मिळणारे. बहुतेकांनी ते व्याजाने काढलेले. मग व्हिसा झाल्यावर आणखी हजारो डॉलर मागितले आणि तोवर कागदपत्रं अडकवली. नाही म्हणावं तर आधीचे बुडाले आणि व्याज चालूच. म्हणून लोक भरत गेले. माणशी आकडा साधारण सोळा हजार डॉलरपर्यंत गेला. पुढे दुसऱ्या वर्षाच्या पगारातला दहा टक्के हिस्सा मागणारा करार पुढे आला. हे सगळे शिकलेले, अनुभवी शिक्षक होते बरं का. त्यांनी २०१० मध्ये एकत्र येऊन दावा लावला, आणि डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने ४५ लाख डॉलरची भरपाई दिली. ते जिंकले, कारण पावत्या आणि करार जपले होते, आणि एकेकटे भांडले नाहीत.

आता समजा अडकलातच. तर गप्प बसू नका, आणि न सांगता पळूनही येऊ नका, कारण मग उलटी तक्रार तुमच्यावर होऊ शकते. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल २०१५ पासून आहे. तिथे तक्रार टाकली की ती थेट त्या देशातल्या आपल्या दूतावासाकडे जाते आणि तुम्हाला नंबर मिळतो. घरच्यांनाही इथून तक्रार टाकता येते. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातला टोल-फ्री नंबर १८०० ११ ३०९०. एजंटविरुद्ध तक्रार असेल तर मुंबईचं प्रोटेक्टरचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे. आपल्याला मांडव्याहून बोट पकडली की एका दिवसात जाऊन येण्यासारखं. तिथे तोंडी गोष्ट सांगून भागत नाही, पावती, चॅट, करार, सगळ्याच्या प्रती न्या.

आणखी एक, आईवडिलांशी बोलताना लपवू नका. आपल्याकडे वाडीतली नारळ-सुपारी, नाहीतर आईच्या पाटल्या, यांवरच हे पैसे उभे राहतात. ज्यांचे पैसे जाणार त्यांना कागद वाचून दाखवा. मोठ्याने वाचताना जिथे तुम्हालाच अडखळायला होतं, एजंटला प्रश्न तिथलाच विचारायचा. आणि उत्तर फोनवर घेऊ नका, लेखी मागा.

ऑफर हातात असेल तर आज रात्री एवढंच करा. ई-मायग्रेट उघडा, एजंटचं नाव शोधा. नाव सापडलं नाही तर उद्या पैसे भरायला जाऊ नका.

पुढच्या भागात डिग्रीचं साक्षांकन आणि अपोस्टील, कुठे जायचं, कोणता शिक्का आधी, ते सविस्तर बोलू. प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, पण पासपोर्टचा फोटो मला पाठवू नका. मलाच काय, कोणालाच पाठवू नका! काळजी घ्या, भेटू.